दादा, तू जीपवरून पडला नव्हतास

मंगळवार, २ डिसेंबर

दादा,

आज तुझा दहावा झाला. घाटावरून आले आणि तेव्हापासून घर धुतेय. सुतक फिटलं की वाकळा, चादरी, भांडी, फरशी, सगळं पाण्यातून काढायचं. वहिनीच्या अंगात त्राण नाही, म्हणून पदर खोचून मीच लागले. वाकळा पायानं तुडवून वाळत घातल्या, चूल सारवली, माठ पालथे केले. आता अंधार पडत आलाय आणि फरशी वाळेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून तुझ्याशी बोलते.

तू कशानं गेलास ते कागदावर लिहिलेलं आहे. जीपवरून पडून डोक्याला मार लागला. ते तूच सांगितलंस. मिरजेच्या दवाखान्यात जेवढा वेळ शुद्धीवर होतास त्यात पोलिसाला दिलेला तुझा जबाब तेवढाच. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. माझ्याकडे बघत बोललास, आणि खोटं बोलतोयस हे त्या खोलीत आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. तुला सोन्यानं मारलं. आपल्या चुलतभावाच्या, तानाजीच्या पोरानं. माझ्या डोळ्यांदेखत मारलं. आणि तुला पोरबाळ नाही म्हणून तुझ्या चितेला अग्नी द्यायलाही भावकीनं त्यालाच पुढे केलं. आज घाटावर तुझ्या नावानं डोकं भादरून तोच बसला होता.

आपलं भांडण अर्धं राहिलंय, दादा. तू मध्येच उठून गेलास. माझं बोलून झालेलं नाही.

तुझा हात किती जड होता हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. माझ्या लग्नानंतर ह्यांनी मला पट्ट्यानं मारलं, त्याची खबर तुला कुणी दिली ते मला आजवर कळलं नाही. तू फौजेतून सुट्टीवर आला होतास. सकाळच्या एस.टी.नं कुपवाडला आलास, चहा प्यालास, कप विसळून पालथा ठेवलास. मग ह्यांचा उजवा हात दाराच्या चौकटीत धरून मोडलास. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. जाताना मला म्हणालास, "आता न्हाई मारायचा." आणि गेलास. प्लास्टर निघेपर्यंत त्या माणसाला घास भरवणार कोण, त्याच्या लेंग्याची नाडी सोडणार कोण, हे तुझ्या डोक्यातही आलं नाही. पट्ट्याचे वळ माझ्या पाठीवर तसेच होते आणि मी त्यांना भात कालवून भरवत होते.

पुढं आपलं वाजलं की तू हटकून विचारायचास, "थांबला का न्हाई?"

"थांबला."

"मग?"

ह्यांनी परत हात उचलला नाही हे खरं. आज आमचं बरं चाललंय, गास्केट कापायचा कारखाना दोघं मिळून बघतो. थंडीत त्यांचं कोपर दुखतं, तेव्हा तेल मी लावते, आणि तेल लावताना प्रत्येक वेळी मला तुझी आठवण येते. उपकार वाटतो आणि रागही येतो. तुझ्या तोंडावर ह्यातलं एकही बोलले नाही. बोलले असते तर तू पुन्हा 'मग?' म्हणाला असतास.

तुझं ते विमानतळ. गाव त्याला इमानतळ म्हणतं, सरकार धावपट्टी म्हणतं, आणि आपल्या घरात त्याला 'आज्ज्याचं रान' म्हणत. कृष्णाकाठची काळी जमीन. धरणाच्या कामावर मोठे साहेब विमानानं यायचे, त्यासाठी ती घेतली. धरण झालं, साहेब यायचे थांबले, पट्टी तेवढी राहिली. आपण शाळेत होतो तेव्हा तिच्यावर लोक शाळू वाळत घालायचे, लग्नाचे मांडव टाकायचे. मला सायकल तिथंच शिकवलीस. मी पडले की उचलायला यायचा नाहीस, लांबून शिव्या द्यायचास. निवडणूक आली की हेलिकॉप्टर उतरायचं, त्याच्या आदल्या दिवशी पोलीस सगळ्यांचा शाळू गोळा करायला लावायचे, आणि हेलिकॉप्टर उडालं की शाळू पुन्हा पट्टीवर.

मग विमान चालवायला शिकवणारी शाळा आली. दोन माणसं बसतील एवढाली विमानं, शिकायला पुण्या-मुंबईची पोरंपोरी. भोवती तारेचं कुंपण झालं. तू फौजेतून रिटायर होऊन नुकताच आला होतास आणि तिथं पहारेकरी म्हणून लागलास. मी तुला म्हटलं होतं, आपल्याच रानाची राखण करायला दुसऱ्याचा गणवेश कशाला घालतोस? तू म्हणालास, "रान आता आपलं न्हाई. राखणारा तरी आपला असू दे."

तुझं काम मी बघितलंय. विमान उडायच्या किंवा उतरायच्या आधी जीप ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायची, भोंगा वाजवत. भोंगा ऐकला की वैरणीचे भारे घेतलेल्या बाया, म्हशी, कुत्री, सगळी पट्टीवरून बाजूला. घारी, टिटव्या, कावळे बसले असतील तर सुतळी बॉम्ब. बाकीचा दिवस कुंपण सांधण्यात. तू दिवसा तार सांधायचास आणि आपलेच लोक दुसऱ्या दिवशी ती तोडायचे, कारण पलीकडच्या रानात जायची जुनी वाट पट्टीवरूनच होती. तू तोडणाऱ्याला धरून बडवायचास. तो चार दिवस तुझ्याशी बोलायचा नाही आणि पाचव्या दिवशी तुझ्याच जीपमधून बाजाराला जायचा.

आटपाडीकडच्या बिराचं आठवतं? मेंढरं घेऊन कुंपणातून आत शिरला. तू त्याच्या मेंढ्याला काठी मारलीस, त्यानं तुझ्या डोक्यात काठी घातली, तू त्याच्या. दोघंही रक्तानं माखलेले, एकाच डॉक्टरच्या एकाच बाकड्यावर बसलेले. डॉक्टरांनी विचारलं, आधी टाके कुणाला घालू? तू म्हणालास, "पावण्याला." त्या बाकड्यावरच तुमचं ठरलं की त्याच्या मेंढरांनी पट्टीकडेचं गवत खायचं, म्हणजे तुझं कापायचं वाचेल, आणि विमानाच्या वेळी त्यानं ती लांब न्यायची. तेव्हापासून दर साली तो आला की आधी तुझ्या दारात. आजही आला होता.

आणि ती मोजणी. पट्टी लांबवायची म्हणून मोजणीवाले आले, तेव्हा नानांचं उरलेलं रान त्यात जाणार होतं. नाना म्हणजे आपले सख्खे चुलते, तानाजीचे वडील, बाप गेल्यावर आपल्या दोघांना त्यांनीच वाढवलेलं. सगळं गाव दगड घेऊन कुंपणाशी उभं. आत गणवेशात तू एकटा. पहिला दगड नानांनीच मारला आणि तुझी भुवई फुटली. तू कुंपणावरून उडी टाकलीस, म्हाताऱ्याला हात लावला नाहीस, तानाजीला धरलंस आणि त्याचे पुढचे दात पाडलेस. पोलिसांनी लाठ्या चालवल्या त्या तुम्हा दोघांच्याही पाठीवर बसल्या. मोजणी त्या दिवशी जी थांबली ती थांबलीच. आणि त्याच दिवशी तू तानाजीला गाडीवर मागे बसवून तासगावला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेलास. तुझ्या भुवईवर फडकं, त्याच्या तोंडावर फडकं.

मी फोनवर म्हटलं, हे काय चाललंय तुमचं? पोलिसात कुणीच गेलं नाही?

"घरातलं हाय," तू म्हणालास. "घरातल्यासाठी कोण जातंय पोलिसात."

"बाहेरच्यानं मारलं तर गुन्हा, आणि घरातल्यानं मारलं तर काय?"

"तू कारखान्यात बसून लय सरळ कापायला लागलीस, शालन. माणूस काय गास्केट हाय व्हय?"

हेच आपलं भांडण. ते तेव्हा तुटलं नाही, पुढं कधीच तुटलं नाही. तुझ्या लेखी भावकीतलं रक्त भावकीतच पुसायचं होतं. फौजेत इतकी वर्षं कायद्यानं वागलास, कुंपणाच्या आत कायद्यानं वागलास, पण घराचा उंबरा ओलांडला की तुझा कायदा निराळा होता.

सोन्या शर्यतीचे बैल पाळायला लागला तेव्हा तूच त्याला कौतुकानं थापट्या मारल्या होत्यास. त्याच्या बैलाचं नाव रायफल हेही तूच सुचवलेलं. अशी सपाट, सरळ पट्टी अख्ख्या पंचक्रोशीत दुसरी नाही. म्हणून तो उजाडताना, विमानं उडायच्या आधी, बैलांना छकडीला, शर्यतीच्या हलक्या गाडीला, जुंपून कुंपणाच्या फटीतून आत आणायचा आणि पट्टीवरून पळवायचा. तू शिव्या घालायचास, पण तुझा पहिला भोंगा होईपर्यंत त्याला पळवू द्यायचास. भोंगा म्हणजे त्याची वेळ संपली. एवढंच तुमचं ठरलेलं.

पण पोरगं हुशारी करायला गेलं. शर्यतीत सुटताना बैलानं क्षणभरही थबकू नये म्हणून त्याला कसल्यातरी एका आवाजावर सुटायची सवय लावतात. सोन्यानं तुझा भोंगा धरला. भोंगा वाजला की चाबूक, भोंगा वाजला की चाबूक. बाहेर जाताना शेवटचा पल्ला तो भोंग्यावर मारायचा. गावात फुशारकी मारत होता, काकांच्या भोंग्यावर माझा रायफल गोळीसारखा सुटतो. तूही ऐकून हसला होतास. अख्खं रान ज्या आवाजाला बाजूला होतं, त्या आवाजाला दोन बैल पट्टीवरून सरळ पळायला शिकले, आणि त्यात काय वावगं आहे हे तुम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी सोन्याला उशीर झाला. शाळेतली एक पोरगी पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन वर गेली होती, शेजारी शिकवणारा नाही. तिचं विमान उडाल्यावर सोन्या फटीतून आत शिरला, आणि फेरी मारून ती उतरायला आली तेव्हा बैल पट्टीच्या मधोमध. तू भोंगा वाजवलास. दुसरं काय करणार होतास? आणि बैल सुटले. समोरून विमान खाली येतंय आणि त्याच्या तोंडावर छकडी धावतेय, वर सोन्या कासरे ओढतोय, आणि तू जितका भोंगा वाजवतोयस तितके ते जास्त पळतायत. मग तू भोंगा बंद केलास आणि जीप घातलीस. शेजारून पुढं काढलीस आणि आडवी मारलीस. रायफल बॉनेटवर आदळला, छकडी उलटली, सोन्या गवतात फेकला गेला, दुसरा बैल जू मोडून पळाला. विमान तुमच्या डोक्यावरून गेलं, पलीकडं उतरलं. पोरगी हसत हसत खाली उतरली म्हणे. तिला वाटलं जीपचं काहीतरी बिघडलंय.

बैलाचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. दुपारपर्यंत तो पट्टीकडेला पडून ओरडत होता आणि सोन्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. दुपारी बैल गेला. त्याला हार घालून रानात पुरलं, सगळं गाव होतं. मला हे फोनवर कळलं आणि मी कारखाना ह्यांच्यावर टाकून स्कूटर काढली. तुला चार दिवस कुपवाडला घेऊन जायचं, डोकी थंड झाली की परत सोडायचं, असा माझा विचार होता.

मी पट्टीच्या फाटकातून आत आले तेव्हा दिवस मावळत होता. तू जीपच्या पोचा आलेल्या बॉनेटजवळ उभा. सोन्या तुझ्यासमोर. बैल पुरून तसाच आला होता, कोपरापर्यंत माती. हातात शिवळ, जू बैलाच्या मानेवर धरून ठेवतो तो लाकडी दांडा. छकडीचं मोडलेलं जू अजून तिथंच पडलं होतं, त्यातली त्यानं उचलली असावी. तो काहीतरी बोलत होता, मला ऐकू आलं नाही. मी स्कूटरवरून हाक मारली. त्यानं तुझ्या डोक्यात घातली. तू पडला नाहीस. त्यानं पुन्हा घातली.

तू हात उचलला नाहीस, दादा. अख्ख्या गावाला झोडणारा तू, माझ्या नवऱ्याचा हात मोडणारा तू, हात खाली सोडून उभा राहिलास. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आहे. त्या पोराच्या मनगटाला धरून तू त्याला सहज खाली बसवला असतास.

मी पळत गेले आणि हेल्मेटनं सोन्याच्या कानशिलात दिली, आणखी एकदा दिली, त्याच्या कानातून रक्त आलं. त्याच्या हातातली शिवळ गळाली. तुझ्याकडे बघून तो म्हणाला, "आत्या, उचला की. काकाला उचला की." आम्ही दोघांनी तुला जीपमध्ये घातलं. तुझं डोकं माझ्या मांडीवर आणि गाडी सोन्या चालवतोय. मिरजेपर्यंत त्यानं भोंगा बंद केला नाही. रस्त्यातली वाहनं बाजूला होत होती.

पोलीस जबाब घेऊन बाहेर गेला तेव्हा मी तुला विचारलं, खोटं का बोललास?

"त्याचा बैल मी मारला."

"बैल गेला तो त्याच्या मूर्खपणानं गेला."

"पोरासारखा हुता त्याला."

"आणि तू?"

तू डोळे मिटलेस. मग विचारलंस, "ती पोरगी नीट उतरली न्हवं?"

"उतरली."

"तिला सांगू नका कुनी. भ्याली तर परत बसायची न्हाई."

आणि मग, "शालन, तू बी काय बगितलं न्हाईस."

"मी बघितलं," मी म्हटलं.

तू ऐकलंस की नाही, मला ठाऊक नाही. त्यानंतर तू शुद्धीवर आला नाहीस. आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं. मी हो म्हटलं असतं तर तू समाधानानं गेला असतास, असं, मी हे घरात सांगितल्यावर, भावकीतल्या दोन-तीन जणांनी मला सुनावलं. मी हो म्हटलं नाही, म्हणूनच आज तुझ्याशी तोंड वर करून बोलू शकते.

तुझ्या चितेपाशी मी गप्प बसले. तिथं मढ्यावर भांडण काढलं असतं तर वहिनी कोसळली असती, आणि तुला ताटकळत ठेवून चौघांत तमाशा करणं मला जमलं नसतं. सोन्याच्या हातात मडकं होतं. नाना त्याच्या दंडाला धरून त्याला फेऱ्या मारायला लावत होते. अग्नी त्यानंच द्यायचा हे नानांनीच ठरवलेलं. त्यांच्या हिशेबी त्यातच सगळं फिटलं.

आज घाटावर पिंड मांडला. तुला आवडणारं सगळं ठेवलं, वरणभात, भजी, वहिनीनं केलेलं आळू. कावळे चिंचेवर रांगेनं बसलेले. शेजारी दुसऱ्या गावचा एक दहावा चालला होता, त्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. आपल्या पिंडाकडे एकही उतरेना. सगळे लांब सरकले तरी नाही. वहिनीला कायम सांभाळीन असं तानाजी बोलला, तरी नाही. तुझी विहीर बुजू देणार नाही असं कुणीतरी बोललं, तरी नाही. ऊन चढायला लागलं.

तेवढ्यात मागून बिरा म्हणाला, "आवं, जल्मभर फटाकं उडवून पाखरं हाकलली ह्या गड्यानं. आता ह्याच्या भाताला कुठला कावळा येतोय? जिवाला भेत न्हाई व्हय त्यो?"

लोक हसले. वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली आणि मग त्याच पदरात रडली. तू असतास तर सगळ्यात मोठ्यानं हसला असतास.

नाना हसले नाहीत. काठी टेकत माझ्याजवळ आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "शालन, त्याचा जीव तुझ्यात अडकलाय. मिटलं म्हून सांग एकदा. कावळा शिवंल."

सगळे माझ्याकडे बघत होते. सोन्यानं मान वर केली नाही. भादरलेल्या डोक्यावर, कानाच्या वर, माझ्या हेल्मेटची खूण अजून आहे.

मी म्हटलं, "नाना, दादानं वाढलेल्या ताटाला कधी नाही म्हटलं नाही. त्याला जेवायचं असेल तर जेवेल. माझ्या बोलण्यासाठी तो थांबायचा नाही."

"तू मोठी झालीस गं लय," नाना म्हणाले.

"तुम्हीच वाढवलंत."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. सगळे अंघोळी करून घरी आले. मला त्या कावळ्याचं काही वाटलं नाही. तुला माझ्याकडून काय हवं होतं ते तू दवाखान्यात सांगून गेला होतास, त्यासाठी पाखराची गरज नव्हती.

दुपारी मी भांडी घासत होते तेव्हा वहिनी येऊन शेजारी बसली. म्हणाली, "वन्सं, तुमी कुपवाडला जाताल. मला हितंच ऱ्हायचं हाय. पाण्याची पाळी त्यांच्याकडनं, रानाची वाट त्यांच्या दारातनं. सोन्या म्हनतोय, काकी, मी तुमाला काय कमी पडू देनार न्हाई."

मी घासत राहिले.

"नाना इमानतळावर जाऊन आल्यात," ती म्हणाली. "ह्यांच्या जागंवर सोन्याला घ्या म्हनून सांगितलंय. जमीन आमची गेली, तर मानूस बी आमचाच पायजे, असं. साहेब बगतो म्हनला."

माझ्या हातातला तवा तसाच राहिला. तोपर्यंत, दादा, खरं सांगते, माझा जीव खालीवर होत होता. वहिनीचं पाणी, वहिनीची वाट, तुझा शब्द, नानांचं वाढवणं, हे सगळं एका बाजूला टाकलं की दुसरी बाजू वर जायची. पण तुझा भोंगा त्याच्या हातात? उद्या कुंपण तोडणारा कुणीतरी त्याला उलटून बोलेल. उद्या कुणाची तरी म्हैस पट्टीवर येईल. बैल गेला म्हणून ज्यानं माणसाच्या डोक्यात दुसऱ्यांदा घातलं, त्याला गणवेश घालून काठी द्यायची, आणि ती शिकणारी पोरगी त्याच्या भरवशावर खाली उतरणार. तू त्याला माफ केलंस ते तुझ्यापुरतं. पुढं ज्याच्या डोक्यात तो घालील, त्याच्या वतीनं माफ करायला तू कोण?

माझ्या तोंडाकडे बघूनच वहिनीनं ओळखलं. तिनं तवा माझ्या हातातून घेतला, स्वतः विसळला. म्हणाली, "काय बी करा, वन्सं. पन मला सांगून करू नका. मला ठावं हुतं, असं म्हनायची पाळी नगो."

तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे. हेही तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणखी एक. फाटकातून मी हाक मारली तेव्हा तू माझ्याकडे वळून बघितलंस. नजर मला दिसली होती. तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज होती. बहिणीसमोर भावकीचं हे दिसलं, ह्याची लाज. आयुष्यभर तू मारामाऱ्या केल्यास त्या झाकण्यासाठीच केल्यास, दादा. ह्यांचा हात मोडलास तो आमचं घरातलं बाहेर जाऊ नये म्हणून. तानाजीला तासगावला नेलंस तेही म्हणूनच. तुझ्या पाठीमागं मला फार सुरक्षित वाटायचं. ते आता संपलं. आता मला झाकता यायचं नाही, तेवढं बळ माझ्या हातात नाही. मला फक्त बोलता येतं.

फरशी वाळली. वहिनी हाक मारतेय जेवायला.

बुधवार

सकाळी वहिनी पाणी तापवत होती तेव्हा मी स्कूटर काढली. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नानांच्या दारावरूनच वाट आहे. ते ओट्यावर बसले होते. मी थांबले नाही, त्यांनीही हाक मारली नाही.

ठाण्यात एक हवालदार होता, वयानं लहान. म्हणाला, "मॅडम, मयतानं स्वतः सांगितलंय पडलो म्हणून. ते खोटं होतं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"होय. माझ्यासमोर सांगितलं आणि खोटं सांगितलं. मारताना मी तिथं होते. लिहा."

त्यानं आधी साहेबांना फोन केला. मग कागद ओढला. काय पाहिलं, कुठून पाहिलं, उजेड किती होता, कुणाच्या हातात काय होतं, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, हेल्मेटचंही सांगितलं. तो लिहायचा थांबला. मी म्हटलं, तेही लिहा.

"मारणाऱ्याचं नाव?"

"सोन्या म्हणतात."

"तसं नाही चालत. खरं नाव सांगा."

"अभिजित."

ते नाव मीच ठेवलं होतं, दादा. बारशाला आत्या म्हणून पाळण्यावर वाकून त्याच्या कानात पहिल्यांदा मीच सांगितलं, आणि मागून बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले होते. त्यानंतर मी त्याला त्या नावानं एकदाही हाक मारली नव्हती.

"वडलांचं?"

"तानाजी."

"आडनाव?"

"वर मयताचं लिहिलंय ना तुम्ही," मी म्हटलं, "तेच."